स्टोरेजला व्हीआयपी पास नको

शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात समाधीदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला नुसतं मुखदर्शन घेऊन परतीची गाडी पकडायचीय, त्याने मोठ्या रांगेत कशाला ताटकळायचं? नेटवर्कमधलं क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणजे थोडंफार हेच. आम्हा आयटीवाल्यांना मात्र क्यूओएस म्हटलं की फक्त व्हीआयपी पास आठवतो!

स्टोरेजचा ट्रॅफिक आयपी लिंकवरून न्यायचा म्हटलं (आयस्कझी असो वा एफसीआयपी) की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "हायेस्ट प्रायॉरिटी देऊन टाका." म्हणजे व्हॉइसच्या रांगेत घुसवा. माझा याला साफ विरोध आहे. व्हॉइसची पॅकेट्स छोटी आणि ठरावीक. त्या रांगेला बहुधा मर्यादा घातलेली असते, आणि गर्दीत मर्यादेबाहेरचं पॅकेट राउटर सरळ टाकून देतो. रेप्लिकेशनचा लोंढा तिथे शिरला की फोन तरी तुटक ऐकू येणार, नाहीतर स्टोरेजचीच पॅकेट्स गळणार. मग टीसीपी वेग कमी करणार, तेच पुन्हा पाठवणार... आणि सिंक्रोनस कॉपी असेल तर डेटाबेस तोवर खोळंबलेला!

त्यापेक्षा स्टोरेजला स्वतंत्र रांग द्या, तिला किमान बँडविड्थची हमी द्या आणि लिंकच्या मापाचं शेपिंग आपल्याच बाजूला करा. डीएससीपीचा शिक्का सर्व्हिस प्रोव्हायडर पाळणार का, हे करारात लिहून घ्या. नाहीतर तो शिक्का दारातच पुसला जातो.

अंतरापुढे मात्र क्यूओएसचं काही चालत नाही. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-चेन्नई सिंक्रोनस कॉपी मागणाऱ्या साहेबांना काय सांगणार?

आणि लिंकच डळमळली तर? २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार ११:४० ला थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. एक्सचेंजने नंतर दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. मुख्य केंद्र आणि जवळचं आपत्कालीन केंद्र यांच्यात दोन कंपन्यांच्या लिंक्स होत्या. रस्त्याच्या खोदकामामुळे त्या अस्थिर झाल्या आणि मुख्य केंद्रातली सॅनच सर्व्हर्सना मिळेनाशी झाली. विम्याचा हप्ता भरता भरता घरच जप्त व्हावं, तसं!

म्हणून रांगा लावण्याआधी एक प्रश्न निकाली काढा: लिंक गेली तर मुख्य स्टोरेजने एकट्याने लिहीत राहायचं की थांबायचं? व्हेंडरच्या कागदावर विसंबू नका. एखाद्या शनिवारी रात्री केबल काढून बघा. नुसती काढू नका, दर दोन मिनिटांनी काढा-घाला करा. खोदकामात लिंक अशीच जाते.