थोडं सिलिकॉन मारा की!

सिलिकॉन या पदार्थाविषयी माझं मत चांगलं नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो. हे सिलिकॉन म्हणजे ज्याच्या चकत्यांवर कॉम्प्युटर चालतात ते नव्हे. त्याच्याशी माझं भांडण नाही. शाखेतली सिस्टिम बंद पडते आणि काउंटरपलीकडची रांग माझ्याकडेच बघायला लागते, तेव्हा थोडं असतं. पण ते तेवढ्यापुरतं. माझा राग आहे तो हार्डवेअरच्या दुकानात नळकांड्यात मिळणाऱ्या, पिचकारीसारख्या बंदुकीत घालून दाबला की टूथपेस्टसारखा बाहेर येणाऱ्या आणि शिर्क्याचा आंबूस वास मारणाऱ्या पदार्थावर. आणि त्याहून मोठा राग आहे तो 'थोडं सिलिकॉन मारा की!' असं म्हणणाऱ्यांवर.

हा एक पंथच आहे. त्याला मठ नाही, गुरू नाही, पण अनुयायी घरटी एक सापडतो. बेसिन गळतंय? सिलिकॉन मारा. खिडकीतून पाणी येतंय? सिलिकॉन. गच्ची गळते? सोसायटीच्या सभेत दोन तास चर्चा होऊन ठराव काय, तर तूर्त थोडं सिलिकॉन मारून बघावं. 'तूर्त', 'थोडं' आणि 'मारून बघू' हे या पंथाचे तीन मंत्र. आमच्या घरात या पंथाचे पीठाधीश म्हणजे माझे मेव्हणे.

आमच्याकडे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी नवी घेतली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची ती २००० च्या सुमारास बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा निवृत्त झाली. त्या दिवशी अण्णांनी पेपरातला फोटो बराच वेळ पाहिला आणि 'आपली पांढरी आहे' एवढंच म्हणाले. दर रविवारी सकाळी मी अण्णांना घेऊन तलावपाळीला एक चक्कर मारतो. एरवी ही गाडी आमच्या इमारतीच्या कुंपणाशी, डावी चाकं जरा उतारात अशी, डावीकडे कलून उभी असते. हा कल लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर गाडीची पुढची काच गळायला लागली. तशी पाण्याची या गाडीला ओळख आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. पण ते सरळ दारातून आलं होतं. ज्याला यायचं त्यानं दारातून यावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काचेच्या कडेनं चोरपावलांनी येणारं पाणी वेगळं. ते डाव्या बाजूला, डॅशबोर्डखालून, नेमकं अण्णांच्या बुटावर पडायचं.

मेव्हणे त्याच आठवड्यात आले होते. त्यांनी काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टिचकी मारली. "भाऊजी, त्यात काय एवढं? थोडं सिलिकॉन मारा की! दोनशे रुपयांत काम." आणि मीही मारलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पंथावर टीका करणारा स्वतः कधीकाळी दीक्षा घेतलेला असला की त्याच्या बोलण्याला वजन येतं. पहिल्या वर्षी एक नळी, दुसऱ्या वर्षी आणखी एक, तिसऱ्या वर्षी तिसरी. चौथ्या वर्षी तर मी काचेच्या चारही बाजूंनी असा जाड थर दिला, की शेजारच्यांनी केकचं आयसिंग शिकतोय का म्हणून विचारलं. दर वर्षी जूनचे पहिले दोन पाऊस काच कोरडी राहायची, आणि मी मेव्हण्यांना फोन करून आभार मानायचो. तिसऱ्या पावसाला पुन्हा टिपटिप.

बुडीत कर्जदाराला बँकेनं नवं कर्ज द्यायचं, त्यातून त्यानं जुन्याचं व्याज भरायचं आणि मार्चअखेर खातं हिरवंगार दाखवायचं, याला आमच्या धंद्यात एव्हरग्रीनिंग म्हणतात. रिझर्व्ह बँक त्यावर डोळे वटारते. मी दिवसभर असल्या खात्यांवर नाक मुरडून संध्याकाळी घरी येऊन, बनियनवर उभा राहून, स्वतःच्या गाडीला तेच करत होतो.

दरम्यान अण्णा पावसाळ्यात गाडीत चप्पल घालून बसायला लागले. आयुष्यभर पॉलिश केलेल्या बुटांशिवाय उंबरठा न ओलांडलेला माणूस. मी विचारलं तर म्हणाले, "मला चप्पलच बरी." मला वाटलं, वय झालं, पाय सुजत असतील. मग एका रविवारी त्यांची पडलेली काठी काढायला मी पायाखालची मॅट उचलली. खाली वर्तमानपत्रांच्या नीट घड्या घातलेल्या होत्या. अण्णा दर रविवारी आधी खाली जाऊन ओल्या घड्या काढायचे, कोरड्या घालायचे, आणि ओल्या बाल्कनीत वाळत टाकायचे. रद्दी जमवण्याची म्हातारपणची खोड म्हणून मी आणि ही, आम्ही दोघंही त्यावर हसत होतो.

"अण्णा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू दर वर्षी करतोस की काहीतरी," अण्णा म्हणाले.

हे 'काहीतरी' मला फार लागलं.

मग मी जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. म्हणजे पाणी कुठून येतं ते आधी शोधलं. सिलिकॉनपंथीयांना हे पटत नाही. त्यांच्या मते पाणी जिथे दिसतं तिथेच ते आत शिरतं. मग चोर जिथे सापडतो तिथेच तो राहतो असंही म्हणायला पाहिजे! काचेच्या कडेला पावडर भुरभुरली (हिची चांगली पावडर, यावरही दोन दिवस बोलणी झाली), अण्णा बॅटरी घेऊन आत बसले आणि मी बाहेरून नळीनं पाणी सोडलं. यात एक युक्ती आहे: पाणी खालून वर न्यायचं. आधी बॉनेटपुढची जाळी, मग वायपरचे खुंट, मग काचेची खालची कड, मग बाजू आणि शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं. वरूनच सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि सगळेच आरोपी ठरतात. खालच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथे मी चार वर्षं नळ्या रिकाम्या केल्या, तिथे नळी धरली तर आत एक थेंब नाही. नळी वरच्या उजव्या कोपऱ्यावर नेली, आणि दोन मिनिटांत अण्णा आतून ओरडले, "आलं रे!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

हल्लीच्या गाड्यांची पुढची काच युरेथेन नावाच्या जबर चिकट द्रव्यानं पत्र्याला चिकटवलेली असते. जुन्या गाडीत काच आणि पत्रा यांची थेट गाठ पडत नाही. मध्ये रबर असतं. त्याच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. सासू आणि सून यांच्यामध्ये नवरा असतो तसं हे रबर दोन्हीकडून दाब सोसतं. उन्हात तीस वर्षं काढल्यावर ते कडक होतं, आकसतं आणि कोपऱ्यात चिरतं. आमचं उजवीकडे वर चिरलं होतं. गाडी डावीकडे कललेली, म्हणून तिथून शिरलेलं पाणी खाचेतून फिरत फिरत डाव्या कोपऱ्यात यायचं. पूर्वी तिथल्या सैल रबराखालून त्यातलं बरंचसं बाहेर निघून जात असणार. ती बाहेरची वाट मी सिलिकॉननं बंद केली होती. मग पाणी दुसरीकडे कुठे जाणार? अण्णांच्या बुटात. सिलिकॉनची ही नळी माशांची काचेची टाकी जोडायला उत्तम, हे मी मान्य करतो. पाणी आत कोंडून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. माझ्या गाडीतही तिनं तेच केलं.

रबर कुर्ल्याला मिळालं. सीएसटी रोडवरच्या त्या दुकानांतून हिंडताना जुन्या गाड्यांच्या पोटातलं काय काय टांगलेलं दिसतं, की माणसाला आपल्या मूत्रपिंडाची काळजी वाटावी. किंमत साडेनऊशे. मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. गाडी लाखाची धरा, हिशेबाला सोपी. तीस वर्षांनी वहीत तिची किंमत उरते ७६३ रुपये. म्हणजे ७६३ रुपयांच्या गाडीला साडेनऊशेचं रबर! हे व्हाउचर कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. मेव्हण्यांचाही तोच मुद्दा होता: "भाऊजी, भंगारात द्या. या गाडीत पैसे घालण्यात अर्थ नाही." पण घसाऱ्याच्या या पद्धतीत एक खुबी आहे, जी ऑडिटर बोलून दाखवत नाहीत. किंमत कितीही वर्षं उतरत गेली तरी शून्य कधीच होत नाही.

मिस्त्री म्हातारे होते आणि कामाच्या वेळी बोलत नसत. त्यांनी जुनं रबर ब्लेडनं कापून काढलं, कारण काच वाचवायची होती. माझा चार वर्षांचा सिलिकॉनचा थर मात्र कापूनही निघेना, सोलूनही निघेना. एकदा बसलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, प्रायमर धरत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा धड धरत नाही. त्याचा शेवटचा कण खरवडून काढावा लागतो. मिस्त्री अर्धा दिवस खरवडत होते. खाली पत्र्याची कड पापडासारखी झाली होती, आणि डाव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक. त्या आंबूस वासाचं मूळ असिटिक अ‍ॅसिडमध्ये आहे. हे सिलिकॉन सुकताना ते सोडतं आणि उघड्या लोखंडाला ते मानवत नाही. त्यात मागे कोंडलेलं पाणी. मिस्त्रींनी भोकात बोट घातलं आणि दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "साहेब, पत्रा पानी ने नहीं खाया. आपने खिलाया है."

कडेला नवा तुकडा जोडला, गंज घासला, रेड ऑक्साइड मारलं आणि मिस्त्री दोन दिवस गायब झाले. "सूखने दो." या दोन दिवसांत मला तीन जणांनी सिलिकॉनचा सल्ला दिला. तिसऱ्या दिवशी रबर उन्हात ठेवून मऊ केलं, काचेभोवती चढवलं, आणि पत्र्याच्या खाचेत सगळीकडून एक दोरी घातली, लेंग्यात नाडी घालतात तशी. दोन्ही टोकं आत, खाली मध्यावर. रबराला साबणाचं पाणी लावून काच जागेवर टेकवली. मिस्त्री बाहेरून तळहातानं थोपटणार आणि आतून कुणीतरी दोरी हळूहळू ओढणार, म्हणजे रबराची जिवणी पत्र्याच्या कडेवरून आत येते. मी पुढे झालो. अण्णा म्हणाले, "तू राहू दे. तू ओढशील आणि तोडशील." आणि एकोणऐंशी वर्षांचे अण्णा आत बसून, जीभ दातात धरून, इंच इंच दोरी ओढत राहिले. शेवटी रबराच्या ओठाखाली कधीच कडक न होणारा काळा चिकट लगदा भरला. कडक होत नाही म्हणूनच तो टिकतो. गाडी हलली की तोही हलतो. सगळे मिळून चार हजार सातशे रुपये झाले. चार वर्षांच्या सिलिकॉनच्या पैशांत हे झालं नसतं, हे मी कबूल करतो. पण पहिल्याच वर्षी केलं असतं तर पत्र्याचे दोन हजार वाचले असते, हे पंथानं कबूल करावं.

जूनचा तिसरा पाऊस रविवारी आला. अण्णा बूट-मोजे घालून गाडीत बसले. तलावपाळीला दोन चकरा झाल्या. परत आल्यावर त्यांनी मॅट उचलून पाहिली आणि काही न बोलता वर गेले. बाल्कनीतली दोरी त्या दिवशी रिकामी होती.

गेल्या महिन्यात मेव्हण्यांचा फोन आला. त्यांनी नवी गाडी घेतली आहे, छताला उघडझाप होणारी काच असलेली. पहिल्याच जोरदार पावसात त्या छतातून त्यांच्या डोक्यावर पाणी आलं. मी त्यांना समजावून सांगितलं, की त्या काचेच्या चौकटीत थोडं पाणी येणारच, ते बाहेर नेण्यासाठी कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, त्यात पानं-कचरा अडकला असेल, तेवढ्या साफ करून घ्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"ते ठीक आहे हो, भाऊजी," मेव्हणे म्हणाले, "पण तूर्त वरून थोडं सिलिकॉन मारलं तर?"