स्वयंसिद्धा कोणाच्या बळावर?

डेव्हिड ओ. रसेल यांच्या ‘जॉय’ (२०१५) या अमेरिकन चित्रपटाची नायिका हात न भिजवता पिळता येणारे फरशी पुसण्याचे साधन शोधून काढते. जॉय मँगॅनो या उद्योजिकेच्या जीवनावर तो आधारलेला आहे. घटस्फोट, मुलांचा सांभाळ, घरावर काढलेले कर्ज, पेटंटच्या हक्कासाठीची झुंज, अशा दिव्यातून ती यशाला पोचते. बाईची बुद्धी पडद्याच्या मध्यभागी आणली, हे त्याचे श्रेय निःसंशय. परंतु ‘स्वतःच्या बळावर उभी राहिलेली स्त्री’ हे जे तात्पर्य प्रेक्षक घरी नेतो, ते तपासून घेतले पाहिजे.

नाशिककरांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) निर्मितीची कथा परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) सांगितली, तीत सरस्वतीबाई फाळकेही आहेत. कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामे त्यांनी केली, दागिनेही दिले. इतिहासाने मात्र एकाला ‘जनक’ म्हटले आणि दुसरीला ‘साथ देणारी पत्नी’.

शोध केवळ बुद्धीतून जन्मत नाही. त्याला भांडवल लागते, सवड लागते आणि फसण्याची मुभा लागते. जॉयपाशी गहाण टाकायला घर होते, सरस्वतीबाईंपाशी दागिने होते. सायखेड्याच्या शिवारात दिवसभर वाकून कांद्याची लावणी करणाऱ्या मजूर बाईपाशी काय आहे? पाठ कोठे भरून येते, खुरप्याची मूठ कशी असावी, हे तिच्याइतके कोणास कळणार? पण ते ज्ञान रोजंदारीतच जिरून जाते.

याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली. पाऊल मोलाचे होते. परंतु ज्या घरात जमीनच नाही, तेथे ते पोचणार कसे? म्हणून मागणी साधी आहे. शेतीची औजारे आखताना कृषी विद्यापीठांनी या बायांना सोबत बसवावे, प्रयोगाच्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी आणि सुचवलेल्या सुधारणेवर त्यांचे नाव घालावे. त्यांच्यावरचे चित्रपट मागाहून निघाले तरी चालतील.