लोकरीची आयाळ

दोस्तांनो, मागच्या अंकात आपण जुन्या पायमोज्यात चिंध्या ठासून घोड्याचं डोकं केलं, ते काठीवर घट्ट बांधलं, कान शिवले, डोळ्यांच्या जागी बटणं लावली. पण खरं सांगा, तो अजून थोडासा गाढवासारखा दिसतोय ना? कारण आयाळ नाही! गाढवाची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते. घोड्याची लांब असते आणि बहुधा मानेच्या एका बाजूला पडते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात कधी गेलात, तर नुसत्या आयाळीच बघत फिरा. आयाळ दोन कानांच्या मधून सुरू होते आणि मानेच्या मधल्या रेषेवरून थेट खांद्यापर्यंत उतरते. ही रेषा सापडली की निम्मं काम झालं.

लोकर विकत आणायलाच हवी असं मुळीच नाही. हाताने विणलेला, आता कुणालाच न होणारा स्वेटर घरात असेल तर तो उसवा. पण आधी विचारा बरं का! आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला आजीने विणलेला लाल स्वेटर उसवायचा होता. आई नको म्हणाली. प्रकरण आजीपर्यंत गेलं. आजीने स्वेटर उजेडात धरला, कसर लागून पडलेली भोकं मोजली आणि स्वतःच उसवायला बसली. एक बाही मात्र तिने तशीच ठेवून घेतली. ती का, हे कुणी विचारलं नाही.

त्या आजीने वर्गाला कळवलेली युक्ती सांगतो. असा स्वेटर बहुतेक वेळा पाठ, पुढचा भाग, बाह्या असे तुकडे विणून शिवलेला असतो. आधी फक्त शिवण उसवायची. मग विणकाम जिथं संपवलं ते टोक शोधायचं. तिथूनच ते सरसर उसवतं, सुरुवातीच्या टोकाने ओढलं तर अडकतं. खालून वर विणलेल्या स्वेटरचं हे टोक खांद्याजवळ नाहीतर गळ्याजवळ मिळतं. कसरीमुळे धागा मधे मधे तुटला तरी हरकत नाही, आपल्याला तुकडेच हवेत. उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडी असते. सरळ हवी असेल तर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा आणि खाली थोडं वजन अडकवा. मला विचाराल तर तशीच राहू द्या. कुरळी आयाळ फार झोकदार दिसते!

आता मोजमाप. कानांच्या पुढे दोन सें.मी.पासून मोजा संपतो तिथपर्यंत मधली रेषा खडूने आखा. समजा ती २० सें.मी. भरली. तेवढीच लांब, बोटभर रुंद सुती कापडाची पट्टी घ्या. एका सें.मी.ला सहा धागे धरले, तर धागे लागतील १२०. म्हणून १५ सें.मी. रुंद पुठ्ठ्याभोवती लोकरीचे १२० वेढे घ्या आणि एका कडेने कापा. ३० सें.मी. लांबीचे १२० धागे तयार! एकूण लोकर किती लागली? ३६ मीटर. करून बघा हिशेब. तुटके तुकडे असतील तर तेवढ्याच लांबीचे कापून घ्या.

सहा-सहा धाग्यांची जुडी पट्टीवर आडवी ठेवा. जुडीचा मध्य पट्टीच्या मध्यावर आला पाहिजे. तिथं दुहेरी दोऱ्याने शिवा, एक टाका पुढे, अर्धा मागे. जुड्या अगदी खेटून बसवा, नाहीतर मधे टक्कल दिसेल. सगळ्या झाल्या की पट्टी मानेवरच्या खडूच्या रेषेवर ठेवा आणि दोन्ही कडा बारीक टाक्यांनी मोज्याला शिवून टाका. हे काम चिंध्या भरल्यानंतरच करायचं. मोजा भरताना ताणतो, आधी शिवलेली पट्टी त्याला ताणू देत नाही आणि मान वाकडी होते. पहिल्या दोन जुड्या कानांच्या पुढे येतात, त्या कपाळावर झुलू द्या.

‘‘गुरुजी, डिंकाने चिकटवली तर?’’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो विचारणारे बहुधा मुलगेच असतात! डिंक लोकरीत मुरतो, वाळून कडक होतो आणि दोन दिवसांत पोपडा निघतो. शिवाय आयाळ ही नुसती शोभा नव्हे. खऱ्या घोड्यावर नवशिक्याचा तोल गेला तर त्याला आयाळ धरायला सांगतात, कारण लगाम ओढला तर घोड्याचं तोंड दुखतं. तुम्हीही धावताना तीच धरणार. फिनलंडमध्ये तर काठीच्या घोड्यांच्या मोठ्या स्पर्धा होतात. मुली घोडा घेऊन अडथळ्यांवरून उड्या मारतात, आणि कितीतरी जणी आपला घोडा स्वतःच शिवतात. तेव्हा मुलग्यांनो, सुई हातात घ्या!

शेवटी रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर वर विंचरा, हात जरा ओला करून सगळी आयाळ एका बाजूला वळवा. टोकं कापताना कात्री उभी धरा. आडवी धरून सरळ कापलीत तर घोडा नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा दिसतो.

पुढच्या अंकात लगाम. जुनी नाडी नाहीतर दप्तराचा तुटका पट्टा शोधून ठेवा, आणि पडद्याच्या दोन लहान कड्याही.