गेमसाठी नवी विंडोज घ्यावी का?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणक-प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली होती. म्हणजे तिला दहा वर्षांहून थोडे अधिक आयुष्य लाभले. संगणकाच्या जगात हे काही अल्पायुष्य नव्हे. पण ज्या घरांत संगणक अजून ठणठणीत आहे, त्या घरांत या तारखेने एक वाद सुरू झाला. मुलगा म्हणतो, "विंडोज ११ घ्यायलाच हवी, नाहीतर नवे गेम चालणार नाहीत." वडील विचारतात, "आहे त्यात काय बिघडले?" आणि संगणक तपासणारा दुकानदार सांगतो, की या यंत्रावर नवी प्रणाली बसतच नाही, यंत्रच नवे घ्या. विषय सुरू झाला फुकट मिळणाऱ्या बदलापासून आणि येऊन ठेपला पन्नास-साठ हजारांच्या खरेदीवर!

या वादात मुलाचे थोडे बरोबर आहे, वडिलांचेही थोडे बरोबर आहे, आणि दुकानदाराचे म्हणणे तपासून घेण्यासारखे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याचे यंत्र पात्र आहे त्याने विंडोज ११ घ्यावी, पण गेम अधिक वेगाने चालतील या आशेने नव्हे. ज्याचे यंत्र पात्र नाही त्याने केवळ एवढ्यासाठी नवे यंत्र घेऊ नये.

प्रथम हे पाहू, की गेम चालू असताना प्रणाली नेमके काय करते. लग्नघरातला भटारखाना डोळ्यांसमोर आणा. आचारी स्वयंपाक करतो, चुली उष्णता देतात, आणि कोठीवर बसलेला माणूस कोणाला किती तूप, किती साखर द्यायची ते ठरवतो. गेम हा आचारी. संगणकाचा प्रक्रियक आणि ग्राफिक्स कार्ड या चुली. विंडोज म्हणजे कोठीवाला. तो स्वतः काही रांधत नाही. स्मृतीतली जागा, प्रक्रियकाचा वेळ आणि डिस्कवरची माहिती मागेल त्याला वाटून देतो. कोठीवाला गबाळा असेल तर स्वयंपाक रखडेल हे खरे. पण चांगल्या कोठीवाल्याच्या जागी दुसरा चांगला कोठीवाला आणला म्हणून चुलीची आच वाढत नाही. विंडोज १० हा गबाळा कोठीवाला नव्हता.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात इंटेलने बाराव्या पिढीचे प्रक्रियक आणले. त्यांतील बऱ्याच प्रक्रियकांत दोन जातींची गाभाकेंद्रे असतात: काही दणकट आणि वेगवान, तर काही लहान आणि वीज वाचवणारी. म्हणजे भटारखान्यात मोठ्या भट्ट्याही आल्या आणि छोट्या शेगड्याही. कोणते काम कोणावर चढवायचे, याची जाण विंडोज ११ ला अधिक चांगली आहे, कारण ती या प्रक्रियकांचा विचार करूनच तयार केली गेली. असा प्रक्रियक ज्याच्याकडे आहे त्याने नव्या प्रणालीविषयी फार खल करू नये.

उरलेल्यांना वेगाचे आमिष दाखवले जाते, त्याचा इतिहास मात्र गमतीचा आहे. विंडोज ११ बाजारात आली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. लगेच त्याच महिन्यात एएमडी कंपनीने जाहीर केले, की आपल्या प्रक्रियकांवर नव्या प्रणालीत काही कामे ३ ते ५ टक्के मंदावतात आणि स्पर्धेत खेळले जाणारे काही गेम १० ते १५ टक्क्यांपर्यंत मंदावतात! दुरुस्ती त्याच महिन्यात झाली, पण पहिल्या दिवशी धावत जाऊन नवी प्रणाली घेणाऱ्यांना मिळाला तो कमी वेग. पुढे २०२४ च्या शरद ऋतूत विंडोज ११ ची मोठी सुधारित आवृत्ती आली, तेव्हा युबिसॉफ्टचे काही गेम अडकू लागले आणि ज्यांच्या संगणकावर ते होते त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टला ही आवृत्ती काही काळ रोखून धरावी लागली. नव्या वस्तूला थोडी हवा खाऊ द्यावी, असे जुनी माणसे म्हणतात ते उगीच नाही.

आणखी एक गोष्ट. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा असतो. प्रणालीच्या अगदी आतल्या भागात शिरू पाहणारी प्रत्येक आज्ञावली तो तपासतो. तपासणीला वेळ लागतो, आणि तो वेळ गेमच्या वाट्यातून जातो. २०२२ साली खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले, की खेळताना वेग हवा असेल तर हा पहारा तात्पुरता बंद करता येतो, मात्र तेवढा काळ धोका वाढतो आणि खेळून झाल्यावर तो पुन्हा चालू करावा. पुन्हा चालू करायचे कितीजणांच्या लक्षात राहत असेल, हा प्रश्नच आहे. माझा सल्ला, तो बंद करूच नका.

आता कोणी म्हणेल, "पण माझ्या मित्राने प्रणाली बदलली आणि त्याचा गेम सुसाट चालू लागला." येथे शास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचारले पाहिजे: मोजले का? कसे मोजले? प्रणाली बदलताना मित्राने डिस्क कोरी केली असेल आणि वर्षानुवर्षे साठलेल्या निरुपयोगी आज्ञावल्या आपोआप गेल्या असतील, तर वेग कशामुळे वाढला हे कसे कळणार? दोन गोष्टी एकदम बदलल्या की प्रयोग फसतो, हे आपण प्रयोगवहीत लिहितो आणि घरी विसरतो.

मोजायचे ते कसे? गेममध्ये पडद्यावर एका सेकंदात किती चित्रे उमटतात, ते सांगणारा आकडा सर्वांना ठाऊक असतो. ६० चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद, १४४ चित्रे म्हणजे सुमारे ६.९ मिलिसेकंद. पण नुसती सरासरी फसवी असते. समजा, एका सेकंदात ५० चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत उमटली आणि पुढचे एकच चित्र ५०० मिलिसेकंद अडून राहिले. एकूण चित्रे ५१, म्हणून सरासरी ५१. आकडा वाईट दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र अर्धा सेकंद पडदा गोठला होता आणि तेवढ्यात तुमचा गडी बाद झाला! म्हणून सरासरीबरोबर सर्वांत रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांना किती वेळ लागला, तेही पाहावे. चित्रांचा वेळ नोंदवणाऱ्या मोफत आज्ञावल्या मिळतात. एकच गेम, एकच प्रसंग, त्याच मांडणीत निदान पाच वेळा चालवा आणि आकडे वहीत उतरवा. पाच वेळांतच आपापसांत ३ टक्क्यांचा फरक पडत असेल, तर प्रणाली बदलल्यावर दिसणाऱ्या २ टक्क्यांच्या फरकाला काही अर्थ नाही.

अजून एक सोपी चाचणी आहे. गेमच्या चित्राची सुबकता, म्हणजे पडद्यावरच्या बिंदूंची संख्या, कमी करून पाहा. चित्रांची संख्या एकदम वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता असे समजावे. तशा यंत्रावर प्रणाली बदलून फारसा फरक पडत नाही. संख्या जागची हलली नाही, तर अडथळा बहुधा प्रक्रियकाचा आहे, आणि मग प्रणालीचा थोडाफार परिणाम संभवतो. सुटीच्या एका दुपारी हे करून पाहता येईल, आणि त्याला खर्च काही नाही.

"नवे गेम जुन्या प्रणालीवर चालणारच नाहीत" हे म्हणणे कितपत खरे? पूर्वी अशा भिंती मुद्दाम उभारल्या गेल्या आहेत. २००७ साली डायरेक्टएक्स १० ही चित्रे रेखाटण्याची नवी व्यवस्था केवळ विंडोज व्हिस्टावर दिली गेली आणि 'हेलो २' हा गेम फक्त व्हिस्टासाठी विकला गेला. थोड्याच दिवसांत काही हिकमती लोकांनी तो जुन्या एक्सपीवर चालवून दाखवला! २०१५ साली डायरेक्टएक्स १२ विंडोज १० पुरती राखली होती; २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या एका गेमसाठी तीच विंडोज ७ वर आणली गेली. म्हणजे 'अशक्य' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'आम्हांला करायचे नाही' एवढाच असतो. या खेपेला तशी भिंत नव्हती. डायरेक्टएक्स १२ दोन्ही प्रणालींवर चालते. परंतु दार आज ना उद्या बंद होतेच. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि गेम विकणाऱ्या स्टीमने तिचा हात सोडला १ जानेवारी २०२४ रोजी, सुमारे चार वर्षांनी.

मग यंत्र पात्र असेल तर नवी प्रणाली घ्या, असे मी का म्हणतो? कारण वेगळेच आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. तिने संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले रुग्णांचे पूर्वनियोजित उपचार त्या दिवशी पुढे ढकलावे लागले. ज्या भगदाडातून ती शिरली, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. देखभाल थांबलेल्या प्रणालीची अवस्था याहून कठीण, कारण तिच्यासाठी दुरुस्ती येतच नाही. घरात संगणक बहुधा एकच असतो. रात्री तुम्ही त्यावर खेळता, सकाळी वडील त्यावरच विजेचे बिल भरतात आणि आई बँकेचे खाते पाहते. तुमचा गेम गेला तर गेला; खात्यातले पैसे जाऊन कसे चालेल?

सुरक्षिततेची दुसरी बाजूही आहे, आणि ती गेम खेळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणाऱ्या आज्ञावल्या आता प्रणालीच्या गाभ्यात बसतात. म्हणून त्यांना संगणक सुरू होतानाचा प्रत्येक टप्पा तपासणारे 'सिक्युअर बूट' आणि गुप्त किल्ल्या सांभाळणारे 'टीपीएम' नावाचे उपकरण लागते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर २०२१ पासूनच या दोन्हींची गरज आहे. २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ नेही सिक्युअर बूट सक्तीचे केले. लबाडी थांबावी हे मलाही मान्य आहे. पण एका गेमला घराच्या तिजोरीजवळ पहारेकरी म्हणून उभे करणे जरा अतीच वाटते. गाभ्यात बसलेली आज्ञावली चुकली तर काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि भारतातही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले.

आता ज्यांचे यंत्र पात्र नाही त्यांच्याविषयी. विंडोज ११ ला टीपीएमची दुसरी आवृत्ती आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रक्रियक लागतो. २०१७ च्या आरंभी हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा उत्तम संगणक या नियमात बसत नाही. कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात अंदाज केला होता, की अशा नियमांपायी जगातले सुमारे २४ कोटी संगणक निकामी ठरू शकतील. त्यांतल्या शिशाचा आणि पाऱ्याचा हिशेब मग कोणी द्यायचा?

पण दुकानदाराने 'बसत नाही' म्हटल्यावर लगेच हार मानू नका. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, फक्त ते बंद ठेवलेले असते. संगणक सुरू होतानाच्या मांडणीत जाऊन ते चालू करता येते. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि बाकीच्या खुणांना हात लावू नका. खरोखरच पात्रता नसेल, तर विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या. ३० डॉलर भरून, किंवा आपली मांडणी कंपनीच्या खात्याशी जोडून विनामूल्य, त्या घेता येतात. एनव्हिडियानेही आपल्या आरटीएक्स कार्डांसाठी विंडोज १० वरचे साहाय्य ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवले. त्यानंतर उरतो तो लिनक्सचा मार्ग. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे असंख्य गेम लिनक्सवर चालतात. मात्र लबाडी पकडणारी आज्ञावली लागणारे काही गेम तेथे चालत नाहीत; एपेक्स लेजंड्सने तर २०२४ साली लिनक्सचे दार लावूनच घेतले. एकट्याने खेळायच्या गेमांची आवड असणाऱ्याने हा मार्ग जरूर पाहावा. नियमांना बगल देऊन अपात्र यंत्रावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या मात्र टाळा. तशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच हाती लागत नाही.

ज्यांना प्रणाली बदलायची आहे त्यांनी वार्षिक परीक्षा होऊ द्यावी. आधी घरातले फोटो, आईवडिलांची कागदपत्रे आणि गेमची जतन केलेली प्रगती वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. जुन्या प्रणालीवरची पाच मोजमापे वहीत असू द्या. विंडोज १० वरून थेट ११ वर गेल्यावर पहिले १० दिवस मागे फिरता येते. अट एवढीच, की जुन्या प्रणालीच्या फाइली त्या काळात पुसायच्या नाहीत. पहिले एक-दोन दिवस संगणक पडद्यामागची कामे उरकत असतो, तेव्हाचे आकडे धरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच गेम, तोच प्रसंग पाच वेळा चालवा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. वडिलांचे बिल भरणे आणि घरातला छपाईयंत्र नीट चालतो की नाही, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्या. मागे फिरायचेच असेल तर आठव्या दिवशी फिरा; दहाव्या रात्रीची वाट पाहू नका.