कुत्र्याचं केटी

प्रोजेक्ट सोडताना आपण आठवडाभर नॉलेज ट्रान्सफर देतो. आणि सुट्टीवर निघताना कुत्रा सांभाळणाऱ्याच्या हाती काय देतो? खाण्याची पिशवी!

आता बोरी बुद्रुक घ्या. जुन्नर तालुका, कुकडीकाठ, भोवती ऊस. या पट्ट्यातल्या उसात बिबटे राहतात, पिल्लंही तिथेच वाढवतात. कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. पुण्याचा लॅब्रेडॉर रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे ताट वाढून ठेवणंच की! गावकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पैसे घेऊन सांभाळायला आलेल्या शहरी पोराला सांगावं लागतं. दिवेलागणीला कुत्रा घरात, दार बंद. शेवटची शू-फेरी उजेड असतानाच.

मांजराची तऱ्हा वेगळी. दोन दिवस खाल्लं नाही तर "रुसलीये" म्हणू नका, यकृतावर बेततं. बोका सारखा बसतोय पण लघवी होत नाही? सकाळची वाट बघायची नाही. आणि पॅरासिटामॉल अजिबात नको, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

चावलं-ओरबाडलं तर साबणाने 15 मिनिटं धुवायचं, मग लशीसाठी दवाखाना. "घरचाच आहे हो" हे रेबीजला कळत नाही.

"मला प्राणी खूप आवडतात" म्हणणाऱ्याला मी तरी आधी विचारेन, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर आहे का, आणि तो रात्री उचलतो का?