पक्षी मोजणे हेही राजकारणच

नाल्याकाठी उभे राहून पक्षी पाहणे हा पोटभरल्यांचा छंद होय, ही समजूत चळवळीत खोलवर रुजली आहे. ज्या गडचिरोली जिल्ह्यात जमीन, मजुरी आणि तेंदूपानाचा दर यांच्या लढाया अजून संपलेल्या नाहीत, तेथे धोबी आणि खंड्या कोणी मोजत बसावे, असे चामोर्शीचा कार्यकर्ता विचारील. प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागचे अर्थशास्त्र मात्र कच्चे आहे.

पक्षी गावाच्या सामायिक मालमत्तेचा हिशेब सांगतात. थंडीच्या तोंडाशी धोबी आणि तुतारी हे हिमालयाकडचे व त्यापलीकडचे पाहुणे उतरतात. उन्हाळा तापू लागला की परततात. खंड्या, वंचक, टिटवी हे बारमाही रहिवासी. खंड्याला मासा दिसेल इतके नितळ पाणी हवे आणि बीळ कोरण्यास मातीचा उभा काठ हवा. तुतारीला उथळ, उघडा चिखल हवा. काठ सिमेंटने बांधला की दोघांचेही घर उठते. उलट सांडपाणी वाढले की शेकाट्यांचे थवे वाढू शकतात, कारण त्यांना सडक्या गाळातील अळ्या भरपूर मिळतात. म्हणून पक्ष्यांची नुसती गर्दी पाहून हुरळून जाणे हा अडाणीपणा आहे. कोण आला आणि कोण गेला, हे पाहिले पाहिजे.

आणि खंड्याबरोबर आणखी कोण गेले? ज्या पाण्यात खंड्याला मासा मिळत नाही, त्यात ढिवराच्या जाळ्यालाही लागत नाही. झाडीपट्टीतील तलाव कोणा सरकारी खात्याने खोदलेले नाहीत. तलाव बांधणाऱ्याला गोंड राजे जमिनीची सवलत देत. कोहळ्यांच्या कसबाने आणि कष्टकऱ्यांच्या घामाने ते उभे राहिले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. परंतु तलाव मालगुजाराकडून सरकारकडे गेले, गावाकडे आले नाहीत. तलाव सर्वांचा तो कोणाचाच नाही, असे होताच पाळी खचल्या, बेशरम माजली, आणि तलावांना जोडणारे नाले गटारे होऊ लागले.

आता या गटारांवर ‘सुशोभीकरणा’चा उतारा सांगितला जातो. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठासाठी सुमारे 4,700 कोटींची योजना आखली गेली. मार्च 2022 मध्ये तिची पायाभरणी झाली आणि एप्रिल 2023 मध्ये झाडे वाचविण्यासाठी नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. तेथे काठावर वर्षानुवर्षे पक्षी पाहणारे होते, म्हणून काय बुडणार हे नोंदींसह सांगता आले. चामोर्शीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे. उद्या येथील नाल्याला भिंती, फरशा आणि दिव्यांचे खांब लावण्याची निविदा निघाली, तर विरोध कोणत्या कागदाच्या बळावर होणार? सिमेंटचा खर्च विकासाच्या खात्यात जमा होतो. बुडालेली मासळी, शेतात जाणारा गाळ, गुरांचे पाणी कोणत्याच खात्यात मांडले जात नाही. नोंद नसलेल्या मालमत्तेची लूट ही लूटच ठरत नाही.

ही नोंद करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे नगरपंचायतीतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या सहभागाने नोंदवही करावयाची असते. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासी समूहांचा पाणवठ्यांतील मासळीवरील सामुदायिक हक्क मान्य केला आहे. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखविला. भंडारा-गोंदियाच्या काही तलावांत ढिवरांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. तेथे मासे वाढले आणि पक्षीही आले. हे ज्ञान दुर्बीणवाल्याकडून आलेले नाही, पाण्यात उभे राहणाऱ्याकडून आले आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने दुर्बिणीची वाट पाहू नये. महिन्यातून दोन सकाळी, ठरलेल्या जागी, ढिवर आणि शाळकरी पोरे यांना बरोबर घेऊन मोजणी करावी; पक्ष्याशेजारच्या रकान्यात जाळ्यातील मासळीही लिहावी, आणि ती वही समितीपुढे ठेवून पोच घ्यावी. जमिनीच्या लढ्यात सात-बाराचे जे मोल, तेच पाण्याच्या लढ्यात या वहीचे आहे. ती कोरी ठेवणारी चळवळ ठेकेदाराचे काम सोपे करीत असते.