मासे बहिरे की मासेपंडित?

माशांना कान नसतात. असलेच, तर इंजिनाच्या घरघरीची त्यांना सवय होते. फारच त्रास झाला तर मासा दुसरीकडे पोहून जाईल, समुद्र काय लहान आहे? एका विद्वान गृहस्थांचा हा त्रिसूत्री सिद्धान्त.

कानांचे आधी उरकू. माशाचा कान कवटीच्या आत असतो. ज्या भोतासाठी, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, घोळ माशाला सोन्याचा भाव येतो, त्याच भोतावर स्नायूंचा ठेका धरून घोळ आवाज काढतो. बहिऱ्यांसाठी ही मैफल कशाला?

खरी गंमत ‘पोहून जाईल’ या शब्दांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझर्ड बेटाजवळ अँबन डॅमसेल नावाच्या चिमुकल्या माशाच्या पिलांवर प्रयोग झाले. निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. शिकारी झेप घेतो तेव्हा हे पिलू दचकून सटकते, तेवढाच त्याचा बचाव. मोटारबोट घरघरू लागली तेव्हा त्याचा प्राणवायूचा खप वाढला आणि दचकण्याची शक्यता सहापटीने घटली. डॉटीबॅक या शिकाऱ्याची मात्र चंगळ: बोटीच्या आवाजात त्याने दुपटीहून अधिक पिले मटकावली. म्हणजे मासा पळून गेला नाही, जागीच गिळला गेला. यालाच ‘सवय’ म्हणायचे असेल तर गृहस्थांनी खुशाल म्हणावे.

आणि खरोखर पळालाच तर? बॅरेंट्स समुद्रात 1990च्या दशकात तेलशोधासाठी पाण्यात हवेचे धमाके करणाऱ्या एअरगन धडधडल्या, तेव्हा कॉड आणि हॅडॉक पांगले. ट्रॉलरची पकड सरासरी निम्म्यावर आली. समुद्र मोठाच होता, जाळी रिकामी होती.

गोंगाट दर वेळी शिकाऱ्याच्याच पथ्यावर पडतो असेही नाही. स्टिकलबॅक मासा आवाजात अन्न आणि कचरा यांत गफलत करतो. युरोपातला किनारी खेकडा जहाजाच्या आवाजाने घास अर्धवट सोडतो.

मग करायचे काय? टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक इंजिन वापरले तर पिलांच्या सावधपणावर कमी परिणाम होतो, हे तपासून झाले आहे. लिझर्ड बेटाजवळच काही प्रवाळांपासून बोटी शंभर मीटर दूर ठेवल्या, वेग कमी केला. हंगामाच्या शेवटी तिथल्या 65 टक्के घरट्यांत पिले शिल्लक होती. वर्दळीच्या प्रवाळांवर हेच प्रमाण 40 टक्के होते.